भाग्यश्रीच्या नावावरचे दोन बास्केट

सकाळी साडेसहालेच मी कोर्टवर पोचली होती. बत्तीस वर्षांची बाई कोणाले सांगणार बाप्पा, का मले भेव लागून राहिलं म्हणून!

आमच्या रेल्वेच्या बास्केटबॉल टीममधी डिफेन्सची एकच जागा उरली होती. दावेदार दोघी. मी म्हणजे संघमित्रा, अन् बावीस वर्षांची भाग्यश्री. माह्यासाठी हे शेवटचं साल होतं. नाव गळलं का खेळ खतम, मग दुर्गच्या ऑफिसात खुर्ची अन् फायली. आमचे कोच भैय्याजी सरांनी सांगतलं, "दोघीही आपल्या सगळ्यात तेज पोट्टीले, रीनाले, दहा-दहा डाव रोका. एक रोकल तेव्हा दुसरी रीनाच्या साथीदार चंदाले धरल अन् मागून आवाज देईल. जिच्या नावावर कमी बास्केट, तिची जागा."

आवाज म्हणजे काय, तर आपण रीनाच्या मागं धावून राहिलो असतो, अन् तिची एखादी धिप्पाड साथीदार चुपचाप आपल्या रस्त्यात येऊन उभी राहते. आपल्याले ती दिसत नाही. मागची पोट्टी "स्क्रीन!" म्हणून ओरडली, तरच आपण वाचतो.

मले त्याचंच भेव होतं. मागच्या पावसाळ्यात गालफुगी झाली अन् माहा डावा कान गेला तो गेलाच. मी कोणालेच सांगतलं नव्हतं, मरोद्याच्या घरी मायलेही नाही.

पहिली स्क्रीन डावीकडूनच आली. मले काहीच ऐकू आलं नाही. धाडकन् चंदाच्या खांद्यावर छाती आपटली, श्वासच अटकला. माय वं, वाटलं गेली मी!

"मी आवाज दिला होता दीदी," भाग्यश्री म्हणाली.

मी उलटी तिच्यावरच भडकली. "मंग जोरानं दे ना! मूग गिळून काहून बसली?"

 ती माह्या डाव्या कानाकडं पाहत राहिली. पुढच्या डावापासून तिचा आवाज दर वेळी उजवीकडून आला, अन् मी रीनाले मस्त रोकलं. पण उजवीकडं यायसाठी भाग्यश्री चंदाले मोकळं सोडत होती. चंदानं दोन बास्केट टाकले. सरांनी ते भाग्यश्रीच्या नावावर लिहिले. मले सगळं दिसत होतं, तरी मी चुप बसली.

शेवटी सरांनी वाचलं. रीनाचे माह्यावर दोन, भाग्यश्रीवर एकच. पण चंदाचे दोन धरून भाग्यश्रीचे तीन झाले.

"संघमित्रा," सर म्हणाले. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. 

भाग्यश्री माह्या उजव्या बाजूले आली अन् हळूच म्हणाली, "दीदी, टूर्नामेंटमधी मी नसणार. तिथं तुले कोण सांगल?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पोट्टी माह्यासाठी भ्याली होती, अन् तेच मले सहन झालं नाही. सर गेटपर्यंत पोचले होते. मी मागून ओरडली.

"सर, थांबा! ते दोन बास्केट तिचे नाहीत, माहे आहेत. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही."