कॅलेंडरवरचा पासवर्ड

एकतीस वर्षं मी मोहगावात नर्स होते. सिकलसेलची, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेल्या प्रत्येक मुलीचं नाव मी जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरात लिहिलं आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली. आयांना शब्द दिला होता, लग्नाच्या बोलणीत हे नाव कोणाच्या कानावर जाणार नाही.

मागच्या वर्षी तपासणीची शिबिरं घेणाऱ्या आमच्या संस्थेने ती रजिस्टरं क्लाउडवर न्यायचं ठरवलं. पांढुर्ण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा अमोल टाइप करायचा, मी शेजारी बसून नावं वाचायची. सर्व्हर दूर कुठेतरी कंपनीकडे आहे, मशीन, दुरुस्ती, बॅकअप सगळं तेच बघतात, असं त्याने समजावलं. मग आपल्याकडे काय राहिलं, मी विचारलं.

"दारातून कोणाले आत घ्यायचं, तेवढंच, मावशी."

तेवढंच. आणि तेवढंच आम्ही नासवलं.

आधी फक्त ऑफिसच्या नेटवरूनच आत जाता येई. पण लोधीखेड्याच्या शिबिरात आमची कार्यकर्ती पूनम मोबाइलच्या नेटवर काम करायची, आणि त्या नेटचा पत्ता दर वेळी बदलतो. तिला सर्व्हर आत घेईना. दोन दिवस तिचे फोन ऐकून अमोल वैतागला. परवानगीच्या यादीत त्याने सरळ 'कुठूनही' ठेवून दिलं, आणि वेगवेगळी खाती काढायचा कंटाळा म्हणून मुख्य खात्याचाच पासवर्ड सगळ्यांना, अगदी अध्यक्षांनाही, वाटला. पूनमने तो ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली. मी पाहिलं. आपल्याला काय कळतं म्हणून गप्प बसले. त्याची मला आजही शिसारी येते.

आमच्या गावची मंगला संत्र्याच्या पेट्या भरायला जाते. तिच्या लेकीचं, स्नेहाचं, साक्षगंध चार दिवसांवर आलं होतं, तेव्हा सौंसरच्या मुलाकडून नकार आला. मंगला माझ्या दारात आली, बसली नाही.

"सिस्टर, तुम्हीच सांगतलं का?"

मुलगा आमच्या अध्यक्षांचा, रघुनाथरावांचा, भाचा. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी काही लपवलं नाही. चिवड्याच्या तेलकट बोटांनी मोबाइल माझ्याकडे फिरवला. स्नेहाचं नाव, बापाचं नाव, गाव, रक्ताचा निकाल, सगळं तिथे होतं, आणि त्यावर त्यांच्या बोटांचे डाग.

"संस्था आपलीच आहे, वच्छलाबाई. मी आपल्या पोराले वाचवून राहिलो."

"पोराची तपासणी झाली?"

"झाली. नॉर्मल आहे."

"स्नेहा नुसती वाहक आहे, आजारी नाही. मुलगा नॉर्मल असला तर लेकरांना हा आजार होतच नाही. एवढंही माहीत नाही तुम्हाला, आणि अध्यक्ष झालात."

त्यांनी चिवड्याची बशी माझ्यापुढे सरकवली. मी पाणीही न पिता उठले. मुलाच्या आईवडिलांनाही जाऊन हे समजावलं. ते म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी मी अमोलच्या खुर्चीशेजारी ठाण मांडलं. 'कुठूनही' काढून टाकलं. मुख्य पासवर्ड बदलला. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, त्यात आपापल्या शिबिराचीच नावं दिसतील. अध्यक्षांना नुसते आकडे. अमोलच्या मोबाइलवर रघुनाथरावांचा फोन तीनदा वाजला. अमोलने माझ्याकडे पाहिलं. मी फोन पालथा घातला.

दुपारी मंगला ऑफिसात आली. तिला स्नेहाचं नाव काढून हवं होतं. ती नोंद पुढे बाळंतपणात स्नेहाच्याच कामाची होती, हे मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायचं तोंड मला नव्हतं. रजिस्टरातली ओळ मी ब्लेडने कापून तिच्या हातात ठेवली. अमोलने सर्व्हरवरची नोंद पुसली.

"आता कुठंच नाही ना?" मंगलाने विचारलं.

अमोल स्क्रीनकडेच बघत राहिला. "बॅकअपमधी राहते, काकू. पस्तीस दिवस. मंग आपोआप जाते."

मंगला कॅलेंडरसमोर उभी राहून दिवस मोजू लागली. मोजता मोजता तिचं बोट जुन्या पासवर्डवरून पुढे गेलं.