वस्तादांची जीभ

तिने सूपचा पहिला चमचा तोंडात घातला आणि नॅपकिनने ओठ टिपले.

"लिंबू जरा पुढं आलंय," ती पुटपुटली.

मग वस्तादांनी चमचा उचलला, डोळे मिटून घोट घेतला आणि वेटरला म्हणाले, "आत सांग, लिंबाला हात आखडता घ्या म्हणावं."

वेटर अदबीने मान झुकवून गेला.

तापातून उठल्यापासून वस्तादांना चव कळत नव्हती. मीठ नाही, साखर नाही, करपल्याचा वाससुद्धा नाही. हे फक्त तिला, त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. याच रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं होतं. आजारपणात ते त्यांच्या चेल्याने सांभाळलं. रजा संपत आली, तसा त्याचा फोन आला, "कामावर यायच्या आधी एकदा काकूंना घेऊन जेवायला या."

एवढ्या वर्षांत ती इथे पहिल्यांदाच बसली होती. आजवर त्यांनी कधी आणलं नव्हतं. आज आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मासा घेऊन चेला स्वतः आला. "वस्ताद, तुमचीच पद्धत. काकू, कसं वाटतंय जेवण?"

ती बोलणार तोच वस्ताद हसले. "तिला काय विचारतोस? हिच्या हातचं जन्मभर खाऊन माझी जीभ शाबूत राहिली, हेच नवल!"

चेला कसनुसा हसला. शेजारच्या टेबलावरची बाईही हसली.

ती ताटाकडे बघत राहिली. घरी पाहुण्यांदेखत त्यांनी तिची भाजी मोरीत ओतली होती, एकदा नव्हे, कितीदा तरी. ताप उतरल्यावर तरी हे थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबलं नाही. चव कळत नसतानाही ते नावं ठेवतच राहिले.

तिने माशाचा तुकडा तोंडात घातला. मिठाने जीभ चरचरली. तिने वर पाहिलं. चेल्याची नजर ताटावर नव्हती. वस्तादांच्या चेहऱ्यावर होती. मीठ मुद्दाम जास्त घातलंय, हे तिच्या ध्यानात आलं.

टेबलाखाली वस्तादांनी पायाने तिला खुणावलं.

"छान झालाय," ती म्हणाली.

वस्तादांनी मोठा घास घेतला. "वा! मीठ कसं अगदी नेमकं. माझं शिकवणं वाया नाही गेलं."

"वस्ताद," चेल्याचा आवाज खाली आला, "परत एकदा बघता?"

"दहादा बघतो!" त्यांनी आणखी एक घास घेतला आणि मान डोलावली.

चेल्याने काकूंकडे पाहिलं. तिने काट्याने माशाचा काटा बाजूला काढला, अगदी सावकाश.

"जेवा निवांत," तो कसाबसा म्हणाला. कोपऱ्यात बसलेल्या मालकांकडे बघून त्याने नकारार्थी मान हलवली आणि आत निघून गेला.

"बघितलंस? पोराला भरून आलं."

"हो."

"माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. सोमवारी जातोच बघ कामावर!"

तिने वेटरला खूण करून मेनू मागवला आणि गोडाचं पान उघडलं.

"काय मागवतेस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली, "माझ्यासाठी बघतेय."