दिवस बुडायच्या आत

निपाणीच्या बाबगोंडा अण्णांनी तंबाखूत रग्गड कमावलं होतं, आता पुण्य कमवायचं राहिलं होतं. म्हणून त्यांनी गावाबाहेरच्या आपल्या रिकाम्या वखारीत निराधार म्हाताऱ्यांसाठी ‘वृद्धसेवा मंदिर’ काढलं. काढलं म्हणजे दारावर नवी पाटी लावली. वखार होती तशीच ठेवली. कोपऱ्याकोपऱ्यात तंबाखूची भुकटी साचलेली, त्यामुळे म्हातारी माणसं दिवसभर शिंकत. पाहुण्यांनी विचारलं तर अण्णा सांगत, शिंकल्यानं डोकं हलकं होतं.

गुणाबाईला इथं तिच्या पुतण्यानं आणून सोडलं होतं. चार दिवसांनी न्यायला येतो म्हणाला होता, आणि ते चार दिवस अजून चालूच होते. म्हातारी चिकोडीकडची, जैनाघरची. कळतं झाल्यापासून दिवस बुडाल्यावर तिनं तोंडात घास घातला नव्हता. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही.

नेम अण्णांचाही तोच होता. दिवस असतानाच ते घरी तूपभात जेवत आणि मग ढेकर देत आश्रमात येत. म्हाताऱ्यांना आपल्या डोळ्यांदेखत वाढलं गेलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. सोबत कुणीतरी पाहुणे असत, आणि गॅसबत्तीच्या उजेडात वाढलेल्या पंगती पाहुण्यांना फार शोभिवंत दिसत. अण्णा येईतो भरमू आचारी भांड्यावरचं झाकण काढत नसे. गुणाबाईनं एकदा अण्णांच्या कानावर घातलं. अण्णांनी मान डोलावली. मान ते सगळ्यांपुढंच डोलवत.

मग ती सकाळच्या भाकरीवर दिवस काढू लागली. आमटीत कांदा-लसूण, म्हणून भाकरी नुसती मिठाशी, पाण्यात भिजवून. पावसाळ्यात पिठात अळ्या झाल्या आणि तो आधारही गेला.

“भरमू, पीठ चाळून घे रं बाबा. अळ्या हाईत त्यात,” ती म्हणाली.

“अळी शिजली की मेली, आक्का. मेलेलं काय चावत न्हाय.”

आता याला काय सांगायचं कपाळ! गुणाबाईनं ताट सरकवलं. शेजारच्या खाटेवरची येळ्ळूरची मालुबाई मराठ्याची, तिला असलं काही नडत नव्हतं. तिनं रात्रीची अर्धी भाकरी पदराखाली ठेवून सकाळी पुढं केली. पण त्याच पिठाची आणि वर शिळी, तीही चालेना. “मरशील गं नेमापायी,” मालुबाई चिडून म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

दोन-तीन दिवसांनी भरमूनं अण्णांना सांगितलं, गुणाबाई जेवत नाही. अण्णांचे डोळे चमकले. जैनांत सल्लेखनेचं एक व्रत आहे. शेवट जवळ आला की माणूस समजून-उमजून, गुरूच्या आज्ञेनं, हळूहळू अन्न सोडतं. मोठं अवघड आणि मोठ्या मानाचं. असं व्रत आपल्या वखारीत घडतंय म्हटल्यावर अण्णांना दुसरं काही सुचेना.

“पण मुनीमहाराजांची आज्ञा?” बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले पुजारी उपाध्ये यांनी विचारलं.

“ती मागवू की. आधी मांडव तर घाला.”

मांडव पडला. गुणाबाईची खाट उचलून मधोमध ठेवली. आसपासच्या गावांतून माणसं दर्शनाला लोटली. देणगीची थाळी खाटेच्या पायथ्याशी होती, म्हणजे पायांवर डोकं टेकताना ती आपोआप दिसे.

“मला भूक लागलीया,” गुणाबाई म्हणाली.

“ऐकलंत?” अण्णा लोकांकडं वळले. “देह बोलतोय. आत्मा कसा शांत हाय बघा.”

“अण्णा, मी कसलं बी व्रत घेतलं न्हाय.”

“आणि अहंकार तर औषधालासुद्धा न्हाय.”

बायकांनी डोळे पुसले. गुणाबाईच्या अंगात ओरडायचंही त्राण नव्हतं. या गतीनं आणखी दोन दिवस गेले तर आपण खरंच मरू, आणि हा अण्णा इथं आपल्या स्मारकाची फरशी बसवेल, हे तिला स्वच्छ दिसलं. तिनं मालुबाईला खुणेनं बोलावलं, तिच्या खांद्याला धरून उठून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“हितं जेवान दिस बुडल्यावर येतंय. पिठात अळ्या हाईत. म्हणून मी जेवत न्हाय. आत्ता उजेड हाय. चाळलेल्या पिठाची भाकरी द्या, आत्ता जेवीन.”

मांडवात कुजबुज झाली. अण्णांचा चेहरा पडला, पण तो फार वेळ पडून राहणारा चेहरा नव्हता. “पारणं!” त्यांनी दोन्ही हात वर केले. “आक्कानं उपास पुरा केला. पारणं थाटात होईल.”

चुली पेटल्या. शिरा झाला, पुऱ्या झाल्या, पाणी गाळलं. ताट तयार झालं, पण आधी उपाध्ये बोलले, मग दोन व्यापारी बोलले, मग अण्णा बोलायला उठले आणि बसायचं विसरले. गुणाबाई मांडवाच्या फटीतून बाहेरचं ऊन बघत होती. ते वखारीच्या कौलावर चढलं आणि तिथून गेलं. टाळ्या झाल्या, गॅसबत्ती लागली आणि ताट तिच्यापुढं आलं.

तिनं बत्तीकडं पाहिलं. मग शिऱ्याचा घास उचलला आणि खाल्ला.

“रातचं जेवली की,” मागून एक बाई म्हणाली. “कसली व्रताची! आणि आम्ही पाया पडलो.” दुसरीनं थाळीत टाकलेला आणा परत घेतला. अण्णा घाईनं वाकले. “आक्का, लोक बघत्यात. दिवस बुडाला हाय.”

“मला दिसतंय,” गुणाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. “जल्मभर सांभाळलं ते तुमच्या दारात मोडलं, अण्णा. ह्याचं कर्म मला एकटीला लागायचं न्हाय.”

तिनं रिकामं ताट भरमूपुढं धरलं. “वाढ आणखी.”

भरमूनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा पाहुण्यांना निरोप द्यायला गेले होते. त्यानं वाढलं.