डाकिणीचं वावर

उखाची म्हैस मेली तशी त्यानं अंगणात भगत आणून बसवला, आणि भगतानं सगळ्यांदेखत उखाच्या विधवा वहिनीला, नर्मदाबाईला, डाकीण ठरवलं.

तिची मुलगी काजल कॉलेजचं इतिहासाचं पुस्तक घेऊन बाहेर आली आणि मोठ्यानं वाचू लागली. सातासमुद्रापार इंग्रजांच्या वसाहतीत कुणाची गाय मेली, म्हणून एका विधवेला चेटकीण ठरवून फासावर चढवलं होतं.

"तिन्हं वावर कोणले भेटनं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"दिराले."

आता उखाकडे कुणी बघेना, भगतसुद्धा. नर्मदाबाईनं फावडं उचलून खांद्यावर टाकलं.

"बाजू सर, उखा. मी जित्ती शे. मन्हा वावरले पाणी देनं शे."