दक्षिणेचं ऊन

"बांबू किती लागतील?" छगनने विचारले.

"दोन पुरं. आन् पेंढा असला तर थोडा." एवढे सांगतानाही श्रीमंतआण्णांचा आवाज अडखळला. कुणाकडे काही मागायचे म्हटले की त्यांना आपण चोर आहोत असे वाटे. "साळूला आनत्यात आज. जयाचा फोन आल्ता. डॉक्टर म्हनले, घरी न्या."

छगन गोठ्याच्या खांबाला टेकून तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. मळलेली तंबाखू त्याने तशीच झटकून टाकली.

"कवा येत्याल?"

"दिस मावळायच्या आत."

"बरं. तुमी घरी जावा. मी आनतो समदं. कायबी काळजी करू नका."

छगन एरवी असा बोलणारा नव्हता. आण्णांनी राजूरच्या वाचनालयात जन्मभर पुस्तके दिली-घेतली, आणि छगनने जन्मभर त्यावरून त्यांची टोपी उडवली. 'काय आण्णा, भात लावायचं पुस्तक आलं का? आमच्या म्हशीला वाचून दावा.' आज त्याने थट्टा केली नाही. आण्णांना बरे वाटले. माणसे वाटतात तितकी वाईट नसतात, असे मनाशी म्हणत ते घरी आले.

बाहेरच्या खोलीत पाऊल टाकताच थंडी तळव्यातून वर चढली. दोन वर्षांपूर्वी जावयाने, जयाच्या नवऱ्याने, हौसेने ही चकचकीत फरशी बसवून दिली होती. पौषात ती अशी गार पडे की त्यांची बायको साळूबाई पोत्यावर उभी राहून केर काढी. "ह्याच्यापरीस सारवलेली भुई बरी हुती," ती म्हणे. "भुईला माया असती. ही निसती आरशागत बघत ऱ्हाती."

दिवाळीनंतर साळूबाईचे डावे अंग गेले. संगमनेरच्या दवाखान्यात ती एकदा खाटेवरून पडली, तेव्हा तिथली नर्स म्हणाली होती, घरी नेल्यावर खालीच झोपवा. आण्णांनी ते लक्षात ठेवले होते. आणि त्यांच्या खिशात कात्रण होते, रविवारच्या पुरवणीतले. 'हिवाळ्यातली बैठकीची खोली'. फोटो पुण्याकडच्या कुठल्याशा घराचा होता, पण मजकूर त्यांना पटला होता. एकमेकांविरुद्ध असलेल्या गोष्टी शेजारी आणा, असे लिहिणारीने म्हटले होते. गार दगडाला लोकर द्या, खरबरीत लोकरीला जुने सुती कापड द्या. गवत, लाकूड, माती वापरा. बैठक जमिनीलगत ठेवा, आणि हिवाळ्यातले ऊन येते ती बाजू मोकळी सोडा. विरुद्ध पोत एकत्र आले की खोलीला ऊब येते.

आण्णांनी इतकी पुस्तके वाचली, पण पुस्तकातून काढून घरात आणावी अशी ही पहिलीच गोष्ट. जमेल का, हा प्रश्न होताच. खिळा ठोकायचा तरी साळूबाईच ठोकत असे. "तुमचे हात पानं उलटून उलटून लोन्यागत झाल्यात," ती हसायची. तिचे स्वतःचे तळपाय मात्र भाताच्या आवणीच्या चिखलात उभे राहून बाभळीच्या सालीसारखे झाले होते. दवाखान्यात आण्णा एकदा त्या पायांना तेल चोळायला गेले, तर तिने हलणारा पाय झटकन ओढून घेतला. जड जिभेने म्हणाली, "नवऱ्यानं... पायाला हात? पाप चढवता... माझ्या माथी?"

घोंगडी त्यांनी बाजारातून सकाळीच आणली होती. विकणाऱ्याने विचारले होते, "आंगावर घ्यायची का?" आण्णा म्हणाले, "न्हाई. खाली हातरायची हाय. मंडळी दवाखान्यातनं यायची हाय." त्यावर त्याने भाव सांगितला तो कमीच सांगितला आणि घोंगडी दोन्ही हातांनी दिली.

छगन आला. दोन हिरवे बांबू, पेंढ्याचा भारा, सुतळीचा तोडा आणि एक नवे मडके. सगळे त्याने अंगणात ठेवले आणि खाली मान घालून गेला. बांबू मागच्या दाराशी वाऱ्याला आडोसा करायला हवे होते; मडके मात्र आण्णांनी मागितले नव्हते. पण माती कात्रणातही होती. विस्तव ठेवायला होईल, असे म्हणून त्यांनी त्यात गोवऱ्यांचे निखारे भरले आणि ते कोपऱ्यात ठेवले. छगनला कसे सुचले याचे त्यांना नवल वाटले.

मग त्यांनी अंथरूण घातले. फरशीवर पेंढा, पेंढ्यावर घोंगडी. नव्या घोंगडीला चिंचोक्याच्या खळीचा वास होता. त्यावर साळूबाईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. उशाला भांडे ठेवायला सागाचा पाट. हिवाळ्यात ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येई, म्हणून पाय खिडकीकडे केले. आण्णा दारात जाऊन उभे राहिले. खोली ओळखू येईना. कधी नव्हे ते त्यांना वाटले, आपल्याला जमले.

छगनची बायको भागूबाई उंबऱ्यात येऊन थबकली. खोलीवर नजर फिरवून तिने हळूच विचारले, "पाय दक्षिनंला केलं आण्णा?"

"तिकडूनच बरं पडंल."

भागूबाईने पदर तोंडाला लावला. "समदं एकट्यानं केलं. लई धीराचं हाव तुमी."

धीराचे असे त्यांना कुणी कधी म्हटले नव्हते. ते लाजले.

ऊन कलले तशी आळीतली माणसे येऊ लागली. पुरुष अंगणात उकिडवे बसले, बाया ओसरीच्या कडेला. म्हातारा भिमाजीही काठी टेकत आला. साळूवर एवढ्यांचा जीव आहे, हे आण्णांना माहीत नव्हते. त्यांचा ऊर भरून आला, आणि एवढ्या माणसांना कोरडे कसे बसवायचे म्हणून ते आत जाऊन चहाचे पातेले शोधू लागले. भागूबाईने त्यांच्या हातातून पातेले काढून घेतले.

"आज चूल पेटवू नका, आण्णा. आमच्याकडनं येईल समदं."

आण्णा तसेच उभे राहिले. चूल कुठल्या घरात पेटवत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दारातून बाहेरच्या खोलीकडे पाहिले, आता भागूबाईच्या डोळ्यांनी. शेवटची घटका आली की माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. पेंढा. घोंगडी. दक्षिणेला पाय. विस्तवाचे मडके. अंगणात दोन हिरवे बांबू.

बाहेर जाऊन सांगायला हवे होते. 'आरं, ती जिती हाय. मी आपलं उबंसाठी केलं.' ते उंबऱ्यापर्यंत गेलेही. पण वर झालेले इतके चेहरे बघून ते तिथेच थांबले. आणि मनात कुणीतरी विचारले, डॉक्टर 'घरी न्या' म्हणाले, ते कशासाठी? तू फोनवर पुढे का विचारले नाहीस?

तेवढ्यात गाडी आली. मागचे दार उघडून जया उतरली. अंगण बघून ती जागीच थिजली.

"काय झालं? कोन गेलं?"

भिमाजीने काढलेली टोपी परत डोक्यावर घातली. छगन पहिला पुढे धावला. "व्हा बाजूला. वयनी, मी हाय, घाबरू नका. आरं, धरा की तिकडनं."

स्ट्रेचरवरून साळूबाईने सगळ्यांकडे पाहिले. "एवढी... मानसं," ती म्हणाली. "लई घाई... तुमाला."

कुणीतरी हसल्यासारखे केले. ते हसू तिथेच विरले.

तिला गोधडीवर ठेवले. तिची नजर पेंढ्यावरून, मडक्यावरून, खिडकीवरून फिरली आणि आण्णांपाशी थांबली.

"मला... खाली घेतलं व्हय?"

"न्हाई गं," आण्णा गुडघ्यांवर बसले. "फरशी गार हाय म्हनून. पेपरात आल्तं..." खरे तेच सांगत होते, पण त्यांच्याच कानांना ते खोटे वाटले.

"आक्काला फिरवा आदी," भागूबाई म्हणाली. "डोकं हिकडं करा."

साळूबाईने चांगला हात उचलून तिला थांबवले. मग तोच हात गोधडीवरून हळूहळू सरकत काठापर्यंत गेला, खाली घोंगडीला लागला. बोटांनी ती थोडा वेळ लोकर चाचपत राहिली.

"ऊन... कुटनं येतं?"

"खिडकीतनं. सकाळी. पायावर पडंल तुज्या."

"मंग ऱ्हाऊ द्या."

छगन मडके उचलायला वाकला होता. त्यालाही ती म्हणाली, "तेबी. ऊब... हाय त्याची."

माणसे एकेक करून उठून गेली. छगन मागे राहिला. आण्णांनी सांगितल्यावर त्याने मागच्या दाराला आडवे-उभे बांबू लावून त्यावर जुनी चादर ताणली. वारा थांबला. पहिली गाठ तिरडीला मारतात तशी मारताना त्याचे हात मध्येच अडले. त्याने ती गाठ सोडली, सुतळी उलटी फिरवली आणि दुसऱ्या तऱ्हेने बांधली. जाताना म्हणाला, "आण्णा, नीट सांगायचं तरी. तुमी पुस्तकातली मानसं..." आणि चपला घालू लागला.

सकाळी आण्णा उठले तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हते. धुक्याने डोंगर, छगनचा गोठा, अंगणातली तुळस, सगळे गिळले होते. मडक्यात राख होती. जया आत पेज करीत होती.

साळूबाई डोळे मिटून पडली होती. "आलं का... ऊन?"

आण्णांनी खिडकीकडे पाहिले.

"आलं," ते म्हणाले.

ते तिच्या पायथ्याशी बसले. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून त्यांनी गरम केले, गोधडीचा काठ वर केला आणि तिचे भेगाळलेले पाय हातांत धरले. डावा काही जाणत नव्हता. उजवा किंचित दचकला. आता ओढून घेईल म्हणून आण्णा थांबले.

पाय तिथेच राहिला.

"आज," साळूबाई म्हणाली, डोळे न उघडता, "ऊन लई मऊ हाय."

आण्णांनी हात काढले नाहीत.