कुंकू लागलेला फवारा

मी एक जुना काचेचा फवारा आहे. मित्रांनो, फवारा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कपाशीत पाठीवर घेतात तो पंप येईल. आमची जात एकच, पण तो गडी रांगडा आणि मी नाजूक. माझं तोंड सुईच्या टोकाएवढं. एका म्हाताऱ्या कारागिराने ज्योतीवर काच वितळवून, फुंकून मला घडवलं आणि कापसात गुंडाळून मेहकरकडच्या एका कॉलेजात पाठवलं.

तिथल्या प्रयोगशाळेत राजकुमार सरांनी मला तापलेल्या शेगडीवर टांगलं. शेगडीवर काचेच्या पट्ट्या ठेवलेल्या असायच्या आणि मी त्यांच्यावर जस्ताच्या क्षाराचं पाणी धुक्यासारखं सोडायचो. पाण्याची वाफ व्हायची, मागे उरायचा झिंक ऑक्साइडचा थर, केसाहून कितीतरी पातळ. डोळ्यांना धड दिसायचाही नाही. पण त्याला दोन तारा जोडून उन्हात धरलं की त्यातून वीज जास्त वाहायची. ऊन ओळखणारी काच! असे प्रकाशाचे सेन्सर करण्यातच सरांची उमर गेली.

डोणगावची रेणुका ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. हलक्या हाताची. काम झालं की आधी मला धुवायची, मग स्वतःचा डबा उघडायची. एकदा तिची एक पट्टी उन्हात अशी काही जागी झाली, की सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. पण एकदा जमलं ते काही खरं नव्हे. तस्साच थर पुन्हा जमला तरच तिचं संशोधन मान्य होणार होतं, आणि तेही सर निवृत्त व्हायच्या आत.

तेवढ्यात खंडेनवमी आली. घरोघरी त्या दिवशी विळे-कुऱ्हाडी पुजतात, तशी आमच्याकडे यंत्रं पुजतात. झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंनी सगळ्यांना झेंडू वाहिला. मी तर त्यांचा लाडका. त्यांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि नेमकं माझ्या तोंडाला लावलं. ते आत शिरलं आणि सुट्टीत वाळून घट्ट झालं.

सुट्टी संपल्यावर रेणुकाने मला सुरू केलं, तर थेंब येईना. तिने खूप धुतलं. सरांचे दिवस संपत आले होते. शेवटी तिने सुई घातली, आणि माझ्या तोंडाचा टवका उडाला.

मला घडवणारा म्हातारा कधीच वारला होता. नवा फवारा आला, पण त्याच्याने तसा थर काही जमेना. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते माझ्यापाशी उगीच थोडा वेळ उभे राहिले. रेणुका संशोधन सोडून बीबी गावातल्या एका शाळेत शिकवायला निघाली. जाताना ती मला कपाटात ठेवत होती, तेव्हा झुंबरबाई जवळ आल्या.

"पोरी, म्या त याले सगळ्यायच्या आधी पुजलं. मंग हा काऊन फुटला वं?"

रेणुकाने मला कापसात गुंडाळलं. मग म्हणाली, "जुना झाला होता, मावशी."

मित्रांनो, मला त्या माउलीचा राग नाही. रेणुकाचाही नाही. वाईट मात्र फार वाटतं. माया करा, भरपूर करा. पण ज्याच्यावर करता त्याला काय सोसतं, हे आधी विचारून घ्या. झुंबरबाईंना ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दर खंडेनवमीला त्या कपाट उघडतात, माझ्या फुटक्या तोंडाला ओलं कुंकू लावतात आणि हळूच म्हणतात, "लवकर बरा होय बापा. पोरगी वापस याले पाह्यजे."