हाकोपाचं मत

माझी मावशी रिपेका, तिचा नवरा हाकोपा. तो न्यूझीलंडच्या संसदेत निवडून गेला तेव्हा लढाईत जळालेली आमच्या नदीवरची घरं अजून पुरती उभी राहिली नव्हती. त्या लढाईत आम्ही इंग्लंडच्या राणीच्या सरकारच्या बाजूने, आमच्याच माओरी भाऊबंदांवर बंदुका चालवल्या होत्या. मावशीचा धाकटा भाऊ मातिउ, म्हणजे माझा मामा, त्याचा थोरला मुलगा सरकारी बंदूक हातात घेऊन मेला. लढाई संपल्यावर सरकारने बंडखोरांची जमीन जप्त केली. नकाशावर रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या आत आमचीही जमीन गेली. चूक झाली, परत मिळेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणारे साहेब बदलत गेले, सांगणं तेच राहिलं.

मग गोऱ्यांनी ठरवलं, आपल्या संसदेत माओरींनाही चार जागा द्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या सत्तरीच्या घरात होत्या. आमच्याकडची निवडणूक म्हणजे एका सकाळी मॅजिस्ट्रेट घोड्यावरून आला, सभाघरासमोर उभं राहून त्याने नाव विचारलं, आणि लोकांनी हाकोपाकाकासाठी हात वर केले. दुसऱ्या कोणाचं नाव निघालंच नाही. काठी घेऊन येरझारा घालत काका बोलायला लागला की चटया विणणाऱ्या म्हाताऱ्यांचेही हात थांबत. इंग्रजी मात्र त्याला येत नव्हतं. मामा हसत म्हणाला होता, "दाजी, तुम्ही बोलायचं. समजून घेणं त्यांचं काम."

काका आगबोटीने पोनेकेला गेला. गोरे त्या गावाला वेलिंग्टन म्हणतात. तिथे काय झालं ते पुढे त्याच्याच तोंडून आम्हाला कळलं.

संसदेत त्याच्या मागे हॅलोरन नावाचा दुभाषा बसायचा. मिशनऱ्याचा मुलगा, लहानपणापासून आमची भाषा बोलत वाढलेला. माणूस वाईट नव्हता, पण दमलेला होता आणि प्यायचा. एखादा साहेब जेवणाच्या वेळेपासून दिवे लागेपर्यंत बोलला, तरी हॅलोरन कानात एवढंच सांगायचा, "पुलाबद्दल बोलला. पैसा नाही म्हणतो."

काका तिथे एकदाच बोलला. आमच्या रीतीप्रमाणे आधी त्याने मेलेल्यांना हाक मारली, लढाईत पडलेल्यांची नावं घेतली, मामाच्या मुलाचंही घेतलं, आणि मग जमिनीच्या विषयावर आला. हॅलोरन उभा राहून त्याचं इंग्रजी करत होता. नावं चालू असताना बाकांवर हशा पिकला. का हसले म्हणून काकाने नंतर विचारलं, तर हॅलोरन म्हणाला, ते दुसऱ्याच कशाला तरी हसत होते. त्यानंतर काका पुन्हा बोलायला उठला नाही.

आमच्या नदीचा कायदा आला त्या दिवशी हॅलोरन तापाने पडला होता. जप्त जमिनीचे तुकडे पाडून ते गोऱ्या वसाहतवाल्यांना विकायचे, असा तो कायदा. परत देण्याचं सगळं बोलणं त्याने मिटणार होतं. आमच्या भाषेत त्याचा एक कागदही काढला नव्हता. वादविवाद झाला, घंटा वाजली, आणि सभासद उठून दोन दारांकडे निघाले. एक दार कायद्याच्या बाजूच्यांचं, एक विरोधातल्यांचं; ज्या दारातून गेलात तेच तुमचं मत. काका बसून राहिला. तेवढ्यात डेन्टन नावाचा एक सभासद जवळ आला. हा मेंढ्यांचा मोठा धनी, बाजारापुरती आमची भाषा बोलणारा. काकाला तंबाखू द्यायचा, मावशीची खुशाली विचारायचा. त्याने काकाचा कोपर धरला आणि म्हणाला, "चल मित्रा. नदीचं काम. चांगलं."

काका त्याच्याबरोबर चालत गेला. दाराशी कारकुनाने त्याचं नाव टिपून घेतलं.

आपण आपल्याच जमिनीच्या विक्रीला मत दिलं, हे त्याला हॅलोरन बरा होऊन उठल्यावर कळलं. तो त्याला घेऊन सभापतींकडे गेला. सभापतींनी खुर्ची दिली, चहा दिला. दिलेलं मत परत घेता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. आणि मनाला लावून घेऊ नका म्हणाले, कायदा भरपूर मतांनी पास झालाय, तुमच्या एका मताने काही फरक पडला नसता. हे ते दिलासा म्हणून बोलले.

बाहेर आल्यावर हॅलोरन म्हणाला, "घरी सांग, विरोध केला म्हणून. तिकडे मतांची छापील इंग्रजी यादी वाचतंय कोण?"

"पण माझं नाव छापलंय ना?"

"छापलंय."

"मग ते वाचणारं कोणीतरी आमच्यात जन्माला येईलच," काका म्हणाला.

घरी आल्यावर त्याने सभाघरात सगळ्यांना बोलावलं. मी मांडीवर तान्हं मूल घेऊन खांबाशी बसले होते. त्या दिवशी काकाने काठी घेतली नाही, येरझारा घातल्या नाहीत. एका जागी उभं राहून घंटा, दार, डेन्टन, सगळं सांगितलं.  मग मामा उठला.

"त्या डेन्टनने पाठीला बंदूक लावली होती?"

"नाही."

"दारू पाजली होती?"

"नाही. हात धरला."

"हात धरला," मामा म्हणाला. "माझ्या पोरालाही हात धरूनच नेलं होतं, दाजी. तुम्हीच नेलं होतं."

आणि तो बाहेर निघून गेला. ते खरं होतं. लढाईसाठी तरुण पोरं काकानेच गोळा केली होती.

आता आमच्यात अशा वेळी काय होतं ते सांगते. वजनदार माणसाच्या हातून सगळ्यांचं नुकसान झालं, तर त्याचेच नातेवाईक भाले घेऊन त्याच्या दारात येतात आणि घर धुऊन नेतात. डुकरं, बटाटे, होडी, पांघरुणं, सगळं. याला मुरू म्हणतात. घरचा माणूस हात उचलत नाही, उलट आलेल्यांना जेवू घालतो. लुटून झालं की अपराध फिटला. बिनमहत्त्वाच्या माणसाला कोणी लुटायला जात नाही.

मावशीने तयारी केली. अंगण झाडलं, डुकरं बांधून ठेवली, न्यायला सोपी जावी म्हणून होडी काठावर ओढून घेतली. वाम मासे धुरावर टाकले, आलेल्यांना वाढायला. दोघं नवराबायको दारात बसून राहिली. त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक वाटेवरून जाताना पावसापाण्याचं बोलायचे, हसायचेसुद्धा. मासे वाळून गेले.

शेवटी मावशी भावाकडे गेली. मी मामाच्या रानात रताळी काढत होते.

"कधी येणार तुम्ही?" तिने विचारलं.

"कुठे?"

"लुटायला."

मामाने कुदळीवरून हात काढला नाही. "तो आता गोऱ्यांच्या सभेतला माणूस. त्याचा अपराध गोऱ्यांनी बघावा, ताई. आमचा काय संबंध?"

 मावशीला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

काका पुढच्या अधिवेशनाला गेला नाही. त्या पावसाळ्यात सर्व्हेवाले आले, साखळ्या टाकून जमीन मोजू लागले, खुंट्या ठोकू लागले. काका सकाळी उठून जायचा, आदल्या दिवशीच्या सगळ्या खुंट्या उपटायचा आणि त्यांच्या तंबूसमोर नीट रचून ठेवायचा. एकटाच. कोणाला शिवी नाही, धक्का नाही. सर्व्हेवाल्याने आधी विनवलं, मग शिपाई मागवले.

खटला त्याच मॅजिस्ट्रेटपुढे चालला, ज्याने आमचे वर केलेले हात मोजले होते. त्याने विचारलं, "हा कायदा करणाऱ्या सभेत तुम्ही स्वतः आहात. मतही बाजूने दिलंत. मग खुंट्या का उपटता?"

"मत परत घेता येत नाही, असं मला तिथे सांगितलं," काका म्हणाला. "खुंटी काढता येते."

त्याला सक्तमजुरी झाली आणि दूर दक्षिणेच्या तुरुंगात नेलं. तिकडे थंडी हाडात शिरते. रस्त्यासाठी खडी फोडायचं काम.

आणि त्याला नेल्यावर, एका उजाडत्या सकाळी, मुरू आली. पुढे मामा, उघडा, हातात भाला, मागे सगळं गाव आरोळ्या ठोकत. मीही होते. नुसता दरवाजा उरेपर्यंत आम्ही घर लुटलं. मावशी दारात उभी होती. मी एक पांघरूण उचललं तर म्हणाली, "ते फाटकं आहे गं, दुसरं घे." मामा लोखंडी हंडा तसाच सोडून निघाला, तर त्याला हाक मारून तिने दरडावलं, "तो कोणासाठी ठेवलास?" मामाने परत येऊन हंडा उचलला. मग खाली ठेवला, आमच्या भेटीच्या रीतीने बहिणीच्या नाकाला नाक लावलं, आणि दोघं तशीच उभी राहिली.

मावशी आगबोटीच्या डेकवर बसून तुरुंगापर्यंत गेली, मला सोबत घेऊन. काका निम्मा झाला होता, खोकत होता. गजांमागून त्याने आधी मामाची चौकशी केली.

"आला होता," मावशी म्हणाली. "सगळे आले होते. घरात काही ठेवलं नाही."

काका गजांजवळ सरकला. "डुकरं?"

"नेली."

"होडी?"

"चौघांनी उचलून."

"बियाण्याचे बटाटे तरी ठेवले?"

"एकही नाही."

तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. पहारेकऱ्याला काही कळेना. निघताना काका एवढंच म्हणाला की होडीला डाव्या अंगाने भेग आहे, मातिउला सांग, डांबर लावून घे.

शिक्षा संपायच्या आत तो छातीच्या दुखण्याने गेला. प्रेत मागायला मामा स्वतः गेला, पण तुरुंगवाल्यांनी आधीच पुरून टाकलं होतं, आणि कुठे तेही कोणाला धड सांगता येईना. मामा तिथल्या कुंपणाबाहेर उभा राहून मोठमोठ्याने काकाला हाक मारत राहिला. शिपायांनी हटकलं तेव्हा परत आला.

काकाच्या रिकाम्या जागेसाठी पुन्हा मॅजिस्ट्रेट आला. कोणाचं नाव, असं त्याने विचारलं, तेव्हा सगळे नदीकडे बघत होते. एका म्हाताऱ्याने मातिउ म्हटलं. मामाने नको म्हणून मान हलवली, तरी हात वर झाले. खालच्या वळणावर तोवर गोऱ्यांची घरं उठली होती, करवतीचा आवाज आमच्यापर्यंत यायचा.

मामा बोटीवर चढला त्या सकाळी मावशी किनाऱ्यावर आली नाही. उरलेल्या पट्टीत ती लोकांनी दिलेले बियाण्याचे बटाटे लावत होती. मी म्हटलं, मावशी, सर्व्हेवाले इथवर येतील. ती म्हणाली, येतील तेव्हा येतील, तू माती ओढ.